सूर्य मावळल्यावरची गोळी

आष्टी, ता. परतूर
२ सप्टेंबर २०२४

पानबाईस नंदाबाईचा रामराम.

आज पोळा. बैल दारात सजून उभे हायत, सून पुरणाला लागलीय, अन् मी तुझं पत्र घेऊन बसले. तुझ्या ओळी उतरणीला लागल्यात. पहिली ओळ कागदाच्या डोक्यावर सुरू होते अन् कमरेला जाऊन टेकते. तुझं अक्षर असं नव्हतं. तुझ्या शेटजींच्या दुकानाची पाटीसुद्धा तूच लिहिली होतीस. काय झालं ते लिही. "तब्येत ठीक" असं लिहू नको, ठीक माणसाच्या ओळी अशा घसरत न्हाईत.

फोन करू नको. कानाला लावला की मला नुसता पिठाच्या गिरणीचा आवाज येतो. आकांक्षा माझ्या वतीनं बोलते, पण ही माझ्या सोमेश्वरची पोरगी निम्मं गाळते अन् निम्मं आपल्या मनाचं सांगते. तिसरी शिकलेल्या बाईनं बारावीवालीवर भरवसा ठेवू नये.

शेटजी गेल्यावर अंकित तुला हैदराबादला घेऊन गेला, त्याला दोन वर्षं झाली. आजीला सांभाळणारा नातू मिळाला, चांगलंच झालं. मी काही वाट बघत न्हाई. एष्टी आली की दारात येते, ती वाऱ्यासाठी.

नंदाबाई

*

हैदराबाद
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय नंदा, जय जिनेंद्र.

घरात चार माणसं, कोणी ओळखलं नाही. तू दोनशे कोसांवरून ओळखलंस.

माझ्या उजव्या डोळ्याची पापणी खाली आली आहे. दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं तशी. बोटानं वर केली की सगळं दोन-दोन दिसतं. दोन अंकित, दोन कनिका. नातसून एकच पुष्कळ होती. आधी आम्ही चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं डोळ्यात बघितलं आणि चष्मा न देता मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

मेंदूला रक्त नेणाऱ्या नसेला डोळ्याच्या मागं फुगा आला आहे. बोराएवढा. फुटला तर काय, ते डॉक्टर हळू बोलले, पण मी अंकितच्या चेहऱ्यावर वाचलं. त्या फुग्यात बारीक तार भरून तो बुजवायची एक रीत आहे, पण याचं तोंड रुंद, तार आत टिकायची नाही. कवटी उघडून चिमटा लावावा तर जागा अवघड. म्हणून नसेच्या आतून जाळीची एक नळी बसवायची म्हणतात. मांडीतून वर नेतात. फुग्याला हातही लावत नाहीत. जाळी त्याच्या तोंडावरून आडवी जाते, रक्त सरळ पुढं निघून जातं, आणि फुग्यातलं रक्त जागीच गोठून तो हळूहळू बंद होतो. सहा महिने, कधी वर्षही लागतं.

नंदा, मला हे करायचं नाही. पंच्याहत्तरावं लागलं. मला आष्टीला यायचं आहे. जे व्हायचं ते तिथं होऊ दे, तुझ्या समोर. अंकितला तू तसं लिही. तुझं तो ऐकतो.

पानबाई

*

आष्टी
२१ सप्टेंबर २०२४

पानबाईस नंदाबाईचा रामराम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रेमानं न्हाई, डोक्याचं दुखणं अन् मांडीतून इलाज, हे एकदा वाचून समजंना म्हणून.

मंग समजलं. पाटाच्या कडेला पाणी कोरत जातं अन् खोंगळ पडते, तसं तुझं झालंय. पाणी आत शिरून गरगर फिरतं अन् बांध खाऊन टाकतं. आपण काय करतो? खोंगळीत दगड टाकतो. तोंड मोठं असलं की दगड वाहून जातात. मंग तुराट्यांची ताटी करून पाटाच्या अंगानं आडवी लावायची. पाणी आपल्या वाटेनं सरळ जातं, आत फिरायचं थांबतं, गाळ बसतो अन् खोंगळ आपोआप भरते. तुझ्या डाक्टरच्या बापाची शेती असणार.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं. तू "येते" म्हणावं अन् मी अंकितला तसं लिहावं, इतकी मी भोळी न्हाई. माझ्या ओट्यावर मरायला जागा न्हाई, तिथं उडीद वाळत घातलेत. अंकितला मी लिहिलं, पण उलटं लिहिलं. "आजीचं काही ऐकू नको, जाळी बसव." हे तुला सांगून टाकते, मागाहून कळलं तर रुसशील.

तू बरी होऊन आलीस तर ये. मरायला येणार असशील तर तिकडंच राहा. तिकडचे दवाखाने मोठे हायत.

नंदाबाई

*

हैदराबाद
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय नंदा, जय जिनेंद्र.

आठ तारखेला जाळी बसवली. मला काही कळलं नाही. जाग आली तेव्हा मांडीवर वाळूची पिशवी होती आणि एक नर्स "अम्मा, पाय हलवू नका" म्हणून रागवत होती. तिसऱ्या दिवशी चालले. डोकं दुखतं अधूनमधून. फुगा आक्रसताना दुखतो, असं डॉक्टर म्हणाले. पापणी अजून तशीच आहे.

आता सगळं गोळ्यांवर आहे. जाळी नवी असते तोवर रक्त तिला परकं समजतं आणि तिच्यावर गोठायला बघतं. ते गोठू नये म्हणून दोन गोळ्या. एक सकाळची. दुसरी आधी रोज एकदाचीच होती, पण रक्त तपासलं तर ती माझ्या अंगाला लागतच नव्हती. म्हणून बदलून दिली. ही बारा-बारा तासांनी घ्यायची. सकाळी आठ, रात्री आठ. तिनं हातावर निळे डाग उठतात, दात घासताना रक्त येतं. चालेल, पण एकही चुकवू नका, म्हणाले.

नंदा, हे फक्त तुला. तुला माझा चौविहार माहीत आहे. दिवस मावळला की अन्न नाही, पाणी नाही, औषधही नाही. अंकितला वाटतं गोळीपुरती मी सूट घेतली. मी तसं सांगितलं आहे. खोटं बोलले, त्याचं प्रायश्चित्त वेगळं घेईन. तो रात्री गोळी आणि गिलास देतो. मी म्हणते, ठेव बेटा, माळ झाली की घेते. तो वळला की मी बाल्कनीतल्या कुंडीत गोळी पुरते. गिलासातलं पाणी झाडाला.

सकाळची घेते ना, तेवढी पुरेल. तुला माझी शपथ, कोणाला सांगू नको.

पानबाई

*

आष्टी
४ नोव्हेंबर २०२४

पानबाई,

रामराम बिमराम काही न्हाई.

काल भाऊबीज झाली. माझा भाऊ भागवत ओवाळून घ्यायला बसला अन् म्हणाला, अक्का, तुझं ध्यान कुठंय? मी म्हणाले, एका कुंडीत हाय.

पेरायला गोळ्या दिल्यात का तुला? झाड येणार हाय? पंधरा-वीस गोळ्या तू मातीत घातल्यास अन् मला लिहितेस की एवढी पुरेल. पाटाची ताटी निम्मी बांधली अन् निम्मी सोडली तर ताटीबी जाते अन् बांधबी जातो.

डाक्टरला विचार. सकाळी सहा अन् संध्याकाळी सहा कर. तुझा सूर्य पण राहील अन् तुझी गोळी पण. इतकी साधी गोष्ट. तोंड हाय ना? माझ्यासमोर तर चांगलं चालायचं.

शेटजी गेले, आता त्यांच्यासाठी घेतलेलं व्रत कोणासाठी धरून बसलीस? ते असते तर त्यांनीच तुला गोळी भरवली असती.

ह्या पत्राला उत्तर दे. न्हाई आलं तर तुझी शपथ माझ्या कामाची न्हाई.

नंदाबाई

*

हैदराबाद
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदा, जय जिनेंद्र.

सहा-सहाचं गणित मी आधीच केलं होतं. थंडीत सूर्य पावणेसहाला मावळतो. सकाळी तो उगवल्यावरही दोन घटका मी तोंडात काही घालत नाही, म्हणजे साडेसात वाजतात. मला दहा तासांचा दिवस मिळतो. डॉक्टर बारा मागतात. दिवसच पुरत नाही, नंदा.

तू म्हणशील, आजाऱ्याला सूट असते. असते. आमचे महाराज व्रत देतानाच ती ठेवून देतात. मी ती हट्टानं काढायला लावली होती. आजारातसुद्धा नाही, मरतानासुद्धा नाही, असं म्हणून घेतलं. आणि ते शेटजींसाठी नव्हतं. कोणासाठी, ते विचारू नको.

आणखी एक. सोमवारी सकाळी पोह्याची वाटी हातातून पडली. डावा हात. माझाच हात, पण माझं ऐकेना. मी बोटांकडे बघत बसले, जशी कोणा दुसऱ्या बाईची असावीत. पाव तास. मग आपोआप बरा झाला. कनिका म्हणाली, दादी, ओठ वाकडा का झाला? मी म्हणाले, सुपारी आहे तोंडात.

आता ठीक आहे. तुझी आठवण येते. इथं अकराव्या मजल्यावर कोणी मोठ्यानं बोलत नाही.

पानबाई

*

आष्टी
१८ नोव्हेंबर २०२४

पानबाई,

तुझं पत्र आज अकरा वाजता आलं. साडेअकराला मी तुझी शपथ मोडली.

आकांक्षाला कालेजातून बोलावलं. समोर बसून अंकितला फोन लावायला लावला. एक शब्द गाळायचा न्हाई म्हणून पत्रच हातात दिलं, वाच म्हणाले. कुंडी, वाटी, ओठ, सगळं वाचलं. पोरगी वाचताना रडायला लागली, मी म्हणाले, रड मागून, आधी वाच. तिकडं अंकित काय बोलला ते मला ऐकू आलं न्हाई. आकांक्षा म्हणते, तो फोन टाकून पळाला.

शिव्या घालायच्या तर घाल. शिव्या घालायला तू असलीस म्हणजे झालं.

नंदाबाई

*

हैदराबाद
१ डिसेंबर २०२४

नंदाबाई,

दहा दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. मेंदूच्या उजव्या बाजूला एक लहान डाग निघाला. जाळीवर गुठळी धरत होती, उशीर झाला असता तर अर्धं अंग गेलं असतं म्हणाले. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. तिथं औषध सुईतून देत होते. ते तोंडातून जात नव्हतं म्हणून मी काही बोलले नाही.

घरी आले त्याला चार दिवस झाले. अंकितनं कुंडी उकरली. रात्री आठ वाजता तो गोळी घेऊन समोर बसतो. आधी रागावला, मग डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. ते म्हणाले, आजी, तुमच्या अंगाला हीच लागते, आणि ही दोनदाच. काल अंकितनं हात जोडले. माझा नातू, मला हात जोडतो. मी तोंड उघडलं नाही.

तुला वाटतं मी अडाणी हट्ट करते. तर ऐक.

चौऱ्याण्णव साली सोमेश्वरला विंचू चावला. नऊ वर्षांचा होता. शेटजींच्या जीपमधून तुम्ही त्याला जालन्याला नेलंत. तू मागं बसून त्याचं डोकं धरलं होतंस, आणि जीप वळली तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी दारात उभी होते. तसं तू परत कधी बघितलं नाहीस. तीन दिवस खबर एकच यायची, पोरगा डोळे उघडत नाही. तिसऱ्या दिवशी मी महाराजांपुढे उभी राहिले. जन्मभर चौविहार, सूट नको. का, ते त्यांना सांगितलं नाही. आमच्यात असा सौदा करायचा नसतो, व्रत मागण्यासाठी घ्यायचं नसतं. सांगितलं असतं तर त्यांनी दिलं नसतं. चौथ्या दिवशी तो उठून बसला आणि बिस्कीट मागितलं.

आता मी पाणी घेतलं आणि त्याला काही झालं तर? तो मोटारसायकल जोरात चालवतो. शेतात साप असतात. मी तुला काय तोंड दाखवू?

तू माझं गुपित न विचारता फोडलंस. मी तुझ्या पोराचं तुला न सांगता तीस वर्षं पाळलं. एवढाच फरक.

पानबाई

*

आष्टी
७ डिसेंबर २०२४

पानबाईस नंदाबाईचा रामराम.

हे पत्र डाकेनं पाठवलं न्हाई. डाकेला पाच दिवस लागतात अन् तुझ्या नसेला तेवढा वेळ न्हाई. पत्र घेऊन आलेला माणूस तुझ्यासमोर बसलाय. आधी त्याच्याकडं नीट बघ, मंग पुढं वाच.

चाळीशीला आला. पोट सुटलंय. मोटारसायकल जोरात चालवतो हे खरं, मीबी शिव्या घालते. तुझं पत्र मी त्याला कापसाच्या वावरातच दिलं. त्यानं वाचलं, बांधावर बसला, टोपी काढली. मंग मला कागदावर लिहून विचारलं, "माय, परतूरहून गाडी कितीला हाय?" मी म्हणाले, थांब, रिकाम्या हातानं जाऊ नको, आधी मी एक काम करून येते.

काल दोन महासतीजी, तुमच्यातल्या साध्वी, परतूरहून पायी चालत आल्या अन् शाळेत उतरल्या. तुझ्या धर्मातलं तुझ्याच माणसाला विचारावं म्हणून मी आकांक्षाला घेऊन गेले. आता बघ माझी पंचाईत. त्यांच्या तोंडावर ती पांढरी पट्टी, ओठ दिसत न्हाईत. मला ऐकू येत न्हाई, मी ओठ बघूनच समजते. मी ओरडून विचारायची, त्या हळू बोलायच्या अन् आकांक्षा वहीत लिहायची. सगळी शाळा खिडकीत जमा झाली.

मी विचारलं, "एकीचं व्रत दुसरीला घेता येतं का?"

वहीत आलं, "नाही. ज्याचं त्यानंच."

"मंग आजारी बाईनं मरावं का?"

"नाही. सूट काढून टाकली ती चूक. चूक कबूल करावी, प्रायश्चित्त घ्यावं, औषध घ्यावं."

"सौदा केला होता म्हणते. मोडला तर पोराला काही होईल म्हणते."

"असा सौदा नसतोच. पोर आपल्या आयुष्यानं जगलं."

मी म्हणाले, "हे तिला तुमी सांगा. माझं ऐकत न्हाई."

थोरल्या महासतीजी काहीतरी बोलल्या अन् पट्टी हलली. हसल्या वाटतं. वहीत आलं, "तुम्हीच सांगा. तुमचा आवाज हैदराबादपर्यंत जाईल."

तर सांगितलं. पण मी तुला ओळखते. तू म्हणशील, महासतीजींचं खरं, पण माझ्या मनातली भीती कुठं जाते? तुझी भीती मला कळते, ती माझ्याच पोराची हाय. म्हणून आता माझं ऐक. तुमच्यात चालत नसंल, आमच्यात चालतं. आमच्यात लेकराचा नवस आईच फेडते. दुसरीनं बोलला तरी फेडायची आईच. तीस वर्षं तू माझं काम केलंस अन् मला सांगितलंसुद्धा न्हाई. चोरी केलीस ती.

काल सूर्य मावळायच्या वक्ताला मी राजूरच्या गणपतीकडं तोंड करून पाणी सोडलं. आजपासून दिवस मावळला की अन्न न्हाई, पाणी न्हाई. आजारात न्हाई, मरताना न्हाई. तुझ्याच अटीवर घेतलं, एक अटबी कमी केली न्हाई. सोमेश्वरची राखण आता माझ्याकडं हाय. तुझा त्याच्यावर काही हक्क राह्यला न्हाई.

रात्री आठ वाजता तो गोळी देईल. त्याच्या हातून घे. तो परत येऊन मला सांगेल, तोवर मी जेवणार न्हाई, दिवसाबी न्हाई. अन् मी खोटं बोलत नसते, हे तुला चांगलं ठाऊक हाय.

नंदाबाई

*

हैदराबाद
१२ डिसेंबर २०२४

प्रिय नंदा, जय जिनेंद्र.

घेतली.

आठ तारखेला सोमेश्वर पोचला तेव्हा ऊन होतं. त्यानं पत्र दिलं नाही, आधी पायावर डोकं ठेवलं आणि ते उचलेचना. मी त्याच्या डोक्यावर हात फिरवला. केस विरळ झालेत त्याचे. मग पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. आठ वाजेपर्यंत आम्ही तिघं कापसाच्या भावावर बोललो, अंकितला त्यातलं काही कळत नाही तरी.

आठ वाजता सोमेश्वरनं गोळी तळहातावर धरली. म्हणाला, "काकू, मायनं कालपासून भाकरी खाल्ली नसंल. जल्दी करा."

मी तोंड उघडलं.

नंदा, गोळी कडू नव्हती. पाणी गोड लागलं. तीस वर्षांनी रात्रीचं पाणी, आणि ते इतकं गोड लागलं याचंच मला रडू आलं.

तुझ्यावरचा राग अजून आहे. थोडा. तू जेवलीस ना?

पानबाई

*

आष्टी
९ फेब्रुवारी २०२५

पानबाईस नंदाबाईचा रामराम.

दोन महिने झाले. तुझ्या गोळ्या चालू हायत, अंकित दर रविवारी आकांक्षाला कळवतो अन् मी तिला वहीत लिहायला लावते.

माझं विचारशील तर हे तुझं व्रत म्हणजे कजागपणा हाय. सून पाच वाजताच स्वयंपाकाला लागावं लागतं म्हणून कुरकुर करते. परवा गावातल्या रामकिसनच्या नातीचं लग्न होतं. पंगत बसली तव्हा सूर्य गेला होता. समोर जिलेबी, अन् मी हात बांधून बसले. वाढपी म्हणाला, आजी, साखरेची बीमारी हाय का? मी म्हणाले, हो, हैदराबादची.

पण एक गोष्ट आता कळली. दिवस मावळला, जेवण झालं न्हाई अन् करायचं न्हाई, मंग माणसानं त्या वक्ताला करायचं काय? घरातले जेवायला बसतात. वास येतो. आपण उठून कुठंतरी जावं वाटतं. अठ्ठावीस वर्षं तू रोज त्याच वक्ताला माझ्या चुलीपाशी येऊन बसायचीस. मी भाकरी थापायचे, तू नुसती बघायचीस. मी मनात म्हणायचे, सावकारीण हाय, निवांत हाय, हिला काय काम.

तू उपाशी बसायचीस, अन् जिच्यापायी बसायचीस तिच्याच भाकरीचा वास घेत बसायचीस.

आता मी त्या वक्ताला दारात जाऊन बसते. कोणाच्या घरी जावं असं घर गावात राह्यलं न्हाई. तुझ्या घरात भाडेकरू हायत. त्यांचा टीव्ही मोठा हाय, मला न्हाई ऐकू येत पण उजेड दिसतो.

थंडी कमी झाली. तूर निघाली.

नंदाबाई

*

हैदराबाद
२४ एप्रिल २०२५

प्रिय नंदा, जय जिनेंद्र.

आनंदाची बातमी. मंगळवारी पुन्हा नसेत औषध सोडून फोटो काढले. डॉक्टरांनी अंकितला आणि मला पडद्यासमोर बसवलं. जुन्या फोटोत बोर होतं. नव्यात नस सरळ गेली आहे आणि बोराच्या जागी काही नाही. मी विचारलं, कुठं गेलं? ते म्हणाले, तुमच्याच रक्तानं बुजवलं, आजी. जाळीवर आतून कातडी धरली आहे. मी त्यांना तुझी तुराट्यांची ताटी सांगितली. ते हसले नाहीत, म्हणाले, अगदी बराबर आहे.

पापणी वर आली. एकच अंकित दिसतो. दोन बोटं मात्र बधिरच राहतील म्हणतात, माळ ओढताना मणी कळत नाही.

आणि नंदा, दोन वेळची गोळी बंद झाली. आता एकच लहान गोळी, सकाळची, जन्मभर. रात्रीचं काही उरलं नाही. म्हणून लिहिते. तू माझ्यासाठी पुष्कळ केलंस. या वयात, या उन्हाळ्यात, तू वावरातून येऊन पाणी न पिता झोपतेस हे मला सहन होत नाही. आता माझं व्रत मला परत दे. पत्रात "दिलं" एवढंच लिहिलंस तरी पुरेल.

डॉक्टर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही. पण अंकित म्हणतो ऊन फार आहे, पुढं बघू. घरही भाड्यानं दिलेलं. मी तरी कुठं उतरणार? बघू.

पानबाई

*

आष्टी
२ मे २०२५

पानबाईस नंदाबाईचा रामराम.

पत्र वाचून दाखवायला मी सोमेश्वरला बसवलं. मला वाचता येत न्हाई म्हणून न्हाई, त्याच्या तोंडून बघायचं होतं म्हणून. "बोराच्या जागी काही नाही" इथं तो अडकला. तिथंच दोनदा वाचलं त्यानं.

बोटं बधिर असली तर असू दे. माळ माझ्याकडं दे, मी मोजून देईन, मणी मला कळतात.

आता व्रताचं. न्हाई देत.

तू म्हणतेस, पत्रात एक शब्द लिही. व्रत काय मनीआर्डर हाय? मी ते सूर्य मावळायच्या वक्ताला पाणी सोडून घेतलं, तसंच देईन. तुझा हात समोर पाहिजे, त्यावर माझ्या हातानं पाणी पडलं पाहिजे. हैदराबादला बसून मागशील तर जन्मभर माझ्याकडंच राहील, अन् मी तुझ्याआधी मेले तर संगं घेऊन जाईन. मंग माग कोणाकडं मागतेस ते.

कुठं उतरशील म्हणून विचारलंस. पन्नास वर्षांच्या ओळखीत एवढा अडाणी प्रश्न तू आजवर विचारला नव्हतास. ऊन लै हाय, हे अंकितचं खरं. पण ऊन आम्हालाबी हाय. सोमेश्वर म्हणतो, तुमी फकत हो म्हणा, मी परतूरच्या फलाटावर उभा राहतो.

मी जल्दी कर म्हणत न्हाई. तू सवडीनं ये, तुझ्या नातवाला विचारून ये. फकत एवढं ध्यानात ठेव, वैशाखाचा महिना हाय, सूर्य उशिरा जातो पण जातो, अन् तो गेल्यावर मला लै तहान लागून राह्यली हाय.

नंदाबाई